छोट्या कॅटामरानची सुकाणू: निगा आणि जुळणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अलिबागपासून देवबागपर्यंतच्या किनाऱ्यावर आता चौदा ते अठरा फुटी, वाळूवरून थेट पाण्यात ढकलता येणाऱ्या शिडाच्या कॅटामरान, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांच्या बोटी, अधूनमधून दिसू लागल्या आहेत. त्यांच्या मालकांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणादाखल बहुतेक ठिकाणी होबी १६ ही बनावट डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण तिची लांबी सुमारे पाच मीटर आणि रुंदी सुमारे २.४ मीटर असून या वर्गातील इतर बोटींची सुकाणू पुष्कळशी तिच्यासारखीच असतात.

सुकाणूच्या कोणत्या भागाला काय म्हणावे?

पाण्यात उतरणारी फळी म्हणजे पाते. ते ज्या ॲल्युमिनियमच्या ओतीव खोबणीत बसते, तिला येथे डोके म्हटले आहे. डोके हलच्या (बोटीच्या दोन तरंगत्या सांगाड्यांपैकी एकाच्या) मागच्या भिंतीवरील बिजागरांत एका उभ्या पिनेने अडकवलेले असते आणि पाते डोक्यात एका आडव्या बोल्टवर फिरते. डोक्यापासून पुढे येतो तो दांडा, डाव्या आणि उजव्या दांड्याला जोडते ती आडदांडी, आणि सुकाणी बोटीच्या कडेला बसून हातात धरतो ती लांब काठी. पाते खाली रोवून धरणारी आणि वाळू लागताच सोडणारी स्प्रिंगची यंत्रणा म्हणजे खटका. कोकणातल्या उलांडीच्या होडीवर हात बसलेल्या माणसाला यातील बाकी सर्व ओळखीचे वाटते. खटका मात्र त्याला नवा असतो, आणि बहुतेक तक्रारींचे मूळही तेथेच सापडते.

दुपारचा वारा वाढला की काठी इतकी जड का लागते, की हात भरून येतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्यामागे बहुधा शिडाचा किंवा डोलकाठीचा दोष असावा असे विचारणाऱ्याने गृहीत धरलेले असते. ते कारण असू शकते. परंतु माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा पाते पूर्ण खाली गेलेलेच नसते. खटका बसल्याचा आवाज येतो, काठी हातात नेहमीसारखी वाटते, आणि तरीही पाते चार-पाच अंश मागे कललेले राहते.

एवढ्याशा कलाने काय होते, याचा हिशेब सोपा आहे. वीस सेंटीमीटर रुंदीच्या पात्यावर पाण्याचा दाब साधारणपणे पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर, म्हणजे पाच सेंटीमीटरवर, एकवटल्यासारखा काम करतो. सुकाणू ज्या उभ्या पिनेभोवती फिरते, तिची रेषा या ठिकाणाच्या तीन सेंटीमीटर पुढे असेल, तर हाताला तीन सेंटीमीटरच्या भुजेइतका जोर लागेल. आता पाते पाच अंश मागे गेले, तर आडव्या बोल्टपासून ३५ सेंटीमीटर खाली असलेला त्याचा मध्य आणखी तीन सेंटीमीटर मागे सरकतो. भुजा सहा सेंटीमीटर झाली आणि जोर दुप्पट झाला. पात्याच्या टोकाशी हा फरक सहा सेंटीमीटरचा असतो, तरी पाण्याखाली असल्यामुळे तो वरून दिसत नाही.

म्हणून काठी जड लागताच शीड सैल सोडण्यापूर्वी मागे वळून पाहावे. डोक्याच्या आणि पात्याच्या पुढच्या कडा जेथे मिळतात, तेथे पाते पूर्ण खाली असताना ऑइल पेंटची एक बारीक रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, की पाते वर आले आहे हे बसल्या जागेवरून कळते. वाळूचा एखादा खडा डोक्याच्या खाचेत अडकल्यामुळे पाते टेकत नाही, असेही वारंवार घडते.

पाते खरोखर पूर्ण खाली असूनही ओढ कायम राहिली, तरच डोलकाठी फार मागे झुकली आहे काय, मुख्य शिडाची दोरी गरजेपेक्षा जास्त ताणली आहे काय आणि माणसे फार पुढे बसली आहेत काय, हे तपासावे.

मग ही ओढ पूर्णपणे नाहीशी करावी काय?

नाही. काठी सोडल्यावर नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, सावकाश वाऱ्याकडे वळली, तर शीड फडफडते आणि बोट आपोआप थांबते. याउलट वाऱ्यापासून दूर वळणारी बोट काठी हातातून निसटली असता वेग घेते आणि सुकाण्याला पाण्यात सोडून निघून जाते. दोन बोटांनी सांभाळता येईल एवढी ओढ मध्यम वाऱ्यात असावी.

जुळणीची कामे कोणत्या क्रमाने करावीत?

प्रथम ढिलाई काढावी, मग पात्याचा पुढे-मागे असलेला कल ठरवावा, त्यानंतर दोन्ही पात्यांची समांतरता पाहावी आणि शेवटी खटक्याचा ताण लावावा. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना तेच काम दोनदा करावे लागते. कारण बिजागरात तीन मिलीमीटर खेळ असताना आडदांडी मिलीमीटरच्या हिशेबाने बसवण्यात काहीच अर्थ नसतो.

ढिलाई कोठे असते आणि ती कशी शोधावी?

बोट वाळूवर दोन ओंडक्यांवर किंवा जुन्या टायरांवर अशी टेकवावी की पाती मोकळी लोंबतील. एकाने आडदांडी घट्ट धरावी आणि दुसऱ्याने पात्याचे टोक डावीकडे-उजवीकडे हलवावे. टोक बोटभर हलत असेल, तर तो खेळ चार जागांपैकी कोठून तरी येत असतो: बिजागरातील उभी पिन, डोक्यातील आडवा बोल्ट, डोके आणि दांडा यांचा सांधा, किंवा आडदांडीची टोके. प्रत्येक सांध्यावर एक बोट ठेवून पाते पुन्हा हलवले, की कोणता सांधा टकटकतो हे बोटाला कळते. डोळ्यापेक्षा बोट येथे जास्त विश्वासाचे आहे.

बिजागराचे भोक लंबगोल झाले असल्यास जाडी पिन घालण्याचा मोह आवरावा. लेथवाल्याकडे भोक गोल करून घ्यावे आणि त्यात नायलॉनचे किंवा तत्सम कठीण प्लॅस्टिकचे बुश (भोकातील नळीसारखे अस्तर) बसवावे, म्हणजे पुढे झिजेल ते बुश, बिजागर नव्हे. पाते आणि डोके यांच्यातील फटीत प्लॅस्टिकची पातळ चकती घालून खेळ कमी होतो. तेलाच्या डब्यातून कापलेल्या चकत्याही मी वापरल्या आहेत आणि त्या एक हंगाम टिकल्या. आडवा बोल्ट मात्र आवळून आवळून ढिलाई काढू नये, नाहीतर वाळू लागली तरी पाते वर येणार नाही.

पात्याचा कल प्रत्यक्षात कसा मोजावा आणि बदलावा?

ओळंबा येथे उपयोगी पडत नाही, कारण वाळूवर टेकलेली बोट क्वचितच समतल असते आणि आपल्याला कल हवा असतो तो पिनेच्या संदर्भात. त्याऐवजी ॲल्युमिनियमची एक सरळ पट्टी दोन्ही बिजागरांतून जाणाऱ्या उभ्या पिनेला लावून खालपर्यंत धरावी आणि ती पात्यावर कोठून जाते ते पाहावे. वीस सेंटीमीटर रुंदीच्या पात्याच्या मध्यावर ही रेषा पुढच्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे पडली, तर काठी हलकी आणि तरीही जिवंत राहते. रेषा पाव रुंदीच्या, म्हणजे पाच सेंटीमीटरच्या, मागे कधीही नेऊ नये. तेथे पाते उलट्या बाजूने हिसके देऊ लागते आणि काठी हातात शांत राहत नाही.

काही डोक्यांत पाते जेथे टेकते तेथे कमी-जास्त करता येणारा स्क्रू असतो. तो नसल्यास पात्याच्या पुढच्या कडेवरील टेकण्याची जागा कानसीने घासून पाते पुढे आणता येते, किंवा तेथे इपॉक्सीचा थर चढवून ते मागे नेता येते. दोन मिलीमीटर घासले तरी टोकाशी बराच फरक पडतो, म्हणून एका वेळी अर्धा मिलीमीटरच घासावा आणि पुन्हा पट्टी लावावी. आडव्या बोल्टचे भोक बुजवून नव्याने पाडण्याचा उपायही आहे. परंतु तो शेवटचा मानावा आणि दोन्ही पाती एकावर एक ठेवून एकाच वेळी भोक पाडावे.

दोन्ही पाती अगदी समांतर असावीत की पुढे किंचित मिटलेली?

पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षा दोन ते तीन मिलीमीटरने कमी असावे, असे मानणारे बहुसंख्य आहेत आणि मीही त्यांच्यापैकी आहे. तीन मिलीमीटर म्हणजे प्रत्येक पात्याला अर्ध्या अंशाहूनही कमी. यापेक्षा जास्त मिटवले तर दोन पाती एकमेकांविरुद्ध पाणी ढकलत राहतात आणि बोट विनाकारण मंदावते. उलट पुढे उघडी राहिलेली पाती सरळ मार्गावरही सतत इकडेतिकडे भटकतात.

मोजताना काठी मध्यात बांधून ठेवावी, पाती खटक्यात पूर्ण बसवावीत आणि डोक्याच्या जरा खाली एकदा व टोकाजवळ एकदा, अशी दोन ठिकाणी फीत लावावी. दोन्ही ठिकाणचा फरक सारखा आला नाही, तर दोष आडदांडीत नसून एखादे पाते पिळलेले आहे, आणि मग आडदांडी कितीही फिरवली तरी उपयोग होणार नाही.

आडदांडी आखूड केली की दांड्यांची पुढची टोके आत येतात, मागच्या कडा बाहेर जातात, आणि पाती पुढच्या बाजूला मिटतात. लांब केली की उलटे होते. दांडा साठ सेंटीमीटर आणि पाते वीस सेंटीमीटर असेल, तर आडदांडीतील तीन मिलीमीटरचा बदल पात्यांवर एकाच मिलीमीटरने दिसतो, म्हणून धीर धरून फिरवावे. दांडे पुढे आत वळलेले दिसतात, ते वाकलेले नसतात. वळताना आतल्या बाजूचे पाते बाहेरच्यापेक्षा जास्त फिरावे यासाठी ते मुद्दाम तसे केलेले असतात. एका गृहस्थांनी ते ‘सरळ’ करून आणले होते, आणि त्यानंतर त्यांची बोट प्रत्येक वळणावर पाण्यात अडखळत असे.

खटका किती घट्ट ठेवावा?

वेगात असताना पाण्याच्या रेट्याने पाते वर येणार नाही इतका घट्ट, आणि वाळू लागताच सुटेल इतका सैल. या दोन मर्यादांमधील जागा अरुंद आहे आणि ती प्रत्येक बोटीची वेगळी असते.

मी स्वतः याची किंमत मोजली आहे. वाऱ्यात पाते वारंवार वर येते म्हणून मी स्प्रिंगचा स्क्रू पक्कडीने शेवटपर्यंत आवळला आणि त्याच दुपारी देवबागच्या संगमावर, कर्लीच्या मुखाशी ओहोटीला उघडी पडू लागलेली वाळू ओलांडायला गेलो. पाणी गुडघाभर असेल. उजवे पाते सुटले नाही. ‘कट्’ असा एक कोरडा आवाज झाला, डोक्याचा खालचा कान तुटून पात्यासह मागे लोंबू लागला, आणि बोट वाळूवर गोल फिरून आडवी बसली. पाते शाबूत होते. खटक्यानेच डोके मोडले होते. मूळ तक्रारीचे कारण नंतर सापडले: प्लंजरच्या, म्हणजे खटक्यात स्प्रिंगने दाबल्या जाणाऱ्या खिळ्याच्या, टोकाला झिजून खाच पडली होती. म्हणजे स्प्रिंगला हात लावण्याची गरजच नव्हती.

तेव्हापासून मी मासळी तोलण्याचा लोंबता स्प्रिंगकाटा वापरतो. पात्याच्या टोकाला दोरीचा फास घालून काट्याने सरळ मागे ओढावे आणि खटका सुटतो त्या क्षणाचे वजन पाहावे. भर वाऱ्यात न सुटणारी आणि वाळूवर सुटणारी जुळणी एकदा सापडली, की ते वजन पात्याच्या वरच्या भागावर कायमच्या शाईने लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असणे हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण एकच पाते सुटले तर बोट झटक्यात वळते.

वेग वाढला की पात्यातून गुणगुण ऐकू येते. ती धोक्याची असते काय?

सहसा नसते. पात्याची मागची कड गोलसर झाली असेल, तर दोन्ही बाजूंचे पाणी तेथून आळीपाळीने भोवरे सोडत निघते आणि पाते थरथरते. मागची कड बारीक पॉलिश कागदाने चौरस आणि धारदार कोपऱ्यांची करावी, किंवा एकाच बाजूने तिरकी उतरवावी. मग गुणगुण थांबते. पुढच्या कडेला मात्र धार आणू नये. ती गोलसरच हवी. गुणगुणीऐवजी खडखड असेल, तर ढिलाईवरील उत्तर पुन्हा वाचावे.

एक हल उचललेला असताना सुकाणूने अचानक पाणी धरणे सोडले. असे का झाले?

पाते पाण्याचा पृष्ठभाग छेदून उभे असते. ते जास्त कोनात वळवले, की एका बाजूला दाब इतका कमी होतो की वरची हवा त्या बाजूने खाली ओढली जाते आणि पात्याला पाण्याऐवजी हवा लागते. अशा वेळी काठी आणखी ढकलणे ही स्वाभाविक पण चुकीची प्रतिक्रिया आहे. शीड सैल सोडावे, काठी क्षणभर मध्यात आणावी, पाणी पुन्हा पात्याला चिकटू द्यावे आणि मग हळूहळू वळवावे. पुढच्या कडेवर टवके असल्यास हे लवकर घडते, म्हणून पृष्ठभागाजवळचा वीतभर भाग विशेष गुळगुळीत ठेवावा.

खाऱ्या पाण्यासाठी आणि वाळूसाठी रोजची निगा काय असावी?

गोड्या पाण्याने धुणे, आणि तेही पाती वर-खाली करत, म्हणजे डोक्यातील वाळू निघून जाईल. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. ते जिभेवर घेऊन पाहावे, कारण मचूळ पाण्याने धुणे म्हणजे मिठावर मीठ चोळणे.

डोक्यात ग्रीस घालू नये. ग्रीस आणि वाळू मिळून घासण्याची उत्तम लुगदी तयार होते. खोबरेल तेल आपल्याकडे हाताशी असते, परंतु तेही काही दिवसांत चिकट होऊन वाळू धरते. फिरत्या भागांना मेण किंवा कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. याला अपवाद एकच: स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जेथे कायमचा बसतो, तेथे लॅनोलिनसारख्या (लोकरीच्या चरबीसारख्या) पदार्थाचा जाड थर हवाच. दोन वेगळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले, की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, पांढरी भुकटी बाहेर येते आणि पुढच्या वर्षी तो बोल्ट छिन्नीनेच काढावा लागतो. बोल्ट आणि पिना ३१६ प्रतीच्या घ्याव्यात. ३०४ प्रतीच्या पिनांवर थोड्याच दिवसांत चहाच्या रंगाचे डाग पडतात.

बोट रात्रभर खाडीत नांगरून ठेवावी लागली, तर पाती वर उचलून ठेवावीत. काही दिवसांतच पाण्यातील पात्यावर शेवाळ धरते, आणि मग कवचाचे जीव बसतात.

पात्याला टवका गेला तर घरी दुरुस्ती करता येते काय?

फायबरच्या पात्याची करता येते. टवका गोड्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यावा, कड खरवडून इपॉक्सी भरावी आणि घासून मूळ आकार आणावा. उन्हाळ्याच्या दुपारी इपॉक्सी वाटीतच तापून घट्ट होते, म्हणून सकाळी लवकर आणि थोडी-थोडी कालवावी. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. साध्या प्लॅस्टिकच्या पात्याला इपॉक्सी नीट धरत नाही. तेथे टवका घासून गुळगुळीत करणे एवढेच करता येते.

बिजागराभोवती बारीक चिरा दिसतात. काळजी करावी काय?

करावी. चमच्याच्या दांड्याने त्या भागावर ठोकत जावे. टणक आवाज आला तर चीर बहुधा वरच्या थरातच आहे. बसका आवाज आला तर आतील थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे. बिजागराचे बोल्ट काढून भोके वाळवावीत, आतून मोठी पट्टी द्यावी आणि पॉलियुरेथेन सीलंटमध्ये पुन्हा बसवावेत. खिडक्यांना लावतात तो सिलिकॉन येथे वापरू नये, कारण तो नंतर सुटतो आणि त्याच्या डागावर दुसरे काही धरत नाही. हलमधून दररोज पेलाभर पाणी निघत असेल, तर प्रथम याच जागेकडे पाहावे.

पावसाळ्यात सुकाणू बोटीवरच ठेवावी काय?

ठेवू नयेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोळीवाड्यात होड्या शाकारल्या जातात, त्याच सुमारास सुकाणू काढून घरात आणावीत. पाती भिंतीला टेकवून न ठेवता सपाट आडवी ठेवावीत, कारण प्लॅस्टिकची पाती उन्हात किंवा पत्र्याखालच्या उष्णतेत हळूहळू वाकतात. खटक्याचा स्क्रू सैल करून स्प्रिंग विसावू द्यावी, आणि किती फेरे सैल केला ते लिहून ठेवावे. नारळी पौर्णिमेला बोट सजवण्याच्या घाईत हा स्क्रू पुन्हा आवळायचा राहतो, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

समुद्रात एक सुकाणू मोडले तर परत कसे यावे?

दुसऱ्या सुकाणूवर. मोडलेले पाते वर उचलून बांधावे, शक्य असल्यास पिन काढून डोके बोटीवर घ्यावे, पण आडदांडी मोकळी हेलकावू देऊ नये. पुढचे शीड उतरवावे किंवा गुंडाळावे आणि मुख्य शीड अर्धवट सैल ठेवून संथ चालावे. शाबूत सुकाणू वाऱ्याखालच्या हलवर राहील अशा दिशेने शक्य तितके जावे, कारण वाऱ्याकडचा हल उचलला गेला की त्यावरील पाते हवेत येते. दोन्ही सुकाणू गेली, तर मागच्या कडेला बांधलेले वल्हे काम करते. वल्ह्याने होडी वळवणारा कोणताही तांडेल ते पाच मिनिटांत शिकवील.

लाटांमधून किनाऱ्याला लागताना पाती केव्हा उचलावीत?

कंबरभर पाण्यात, दोन्ही एकदम. बोट किनाऱ्याला टेकल्यावर लाट तिला मागे ओढते, आणि खाली राहिलेले पाते तेव्हा उलट्या दिशेने वाळूत रुतते. खटका त्या दिशेने सुटत नाही, म्हणून मोडते ते डोके किंवा बिजागर.

सोबत कोणते सुटे भाग असावेत?

दोन उभ्या पिना, त्यांच्या चार-सहा कड्या, एक आडवा बोल्ट नटासह, एक प्लंजर, एक स्प्रिंग, रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि तीन मीटर बारीक दोरी. कड्यांवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. दोरी अडकून कडी उघडते, पिन बुडते, आणि तारकर्लीच्या वाळूत ती कोणालाही परत सापडलेली मी पाहिलेली नाही.